ऑलिंपस ट्रिप ३५ : बिनसेलाचा कॅमेरा आणि आपले ऊन

जुने आणि स्वस्त फिल्म कॅमेरे घेऊन छायाचित्रण करू पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास होतो तो काचेचा किंवा शटरचा नव्हे, तर सेलचा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या जपानी कॅमेऱ्यांपैकी कॅनोनेट क्यूएल १७ हा गुणी कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर विसंबून असतो; पाऱ्याचे सेल प्रदूषणाच्या कारणावरून बंद झाल्यापासून त्यात आजचा १.५ व्होल्टचा सेल बसवला, तर प्रकाशमापन चुकते. यशिका इलेक्ट्रो ३५ ला ५.६ व्होल्टचा सेल लागतो आणि तोही आता तयार होत नसल्यामुळे लहान सेल, पत्रा आणि स्प्रिंग यांची जुळवाजुळव करावी लागते. ऑलिंपस ट्रिप ३५ या साऱ्या भानगडीतून मोकळा आहे, कारण त्यात सेल घालण्याची जागाच नाही. आपल्याकडच्या उन्हात आणि आपल्याकडच्या विषयांवर हा कॅमेरा कितपत उपयोगी पडतो आणि जुना घेताना नेमके काय पाहावे, हे येथे सांगायचे आहे.

ट्रिप ३५ चे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि ते १९८४ पर्यंत चालले. या काळात तो लाखोंच्या संख्येने विकला गेला, आणि आज तो तुलनेने स्वस्त मिळतो याचे मुख्य कारण हेच आहे. त्याचे यांत्रिक मूळ ऑलिंपसच्याच 'पेन' मालिकेत आहे. योशिहिसा माइतानी यांनी आखलेला पहिला पेन १९५९ मध्ये आला. तो अर्ध्या चौकटीचा, म्हणजे ३६ च्या रोलमध्ये ७२ छायाचित्रे बसवणारा होता. त्या मालिकेतील पेन ईईएसमध्ये सिद्ध झालेली स्वयंचलित यंत्रणा ट्रिपमध्ये पूर्ण चौकटीच्या देहात बसवली गेली. सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये डेव्हिड बेली या नामांकित छायाचित्रकाराला घेऊन त्याच्या जाहिराती झाल्या आणि सहलीला निघणाऱ्या सामान्य माणसाचा कॅमेरा म्हणून तो घरोघरी गेला. आपल्याकडे तसे झाले नाही. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात मध्यमवर्गीय घरात असे तो बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आगफा क्लिक ३, १२० च्या (रुंद फिल्मच्या) रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे देणारा. ट्रिप आला तो बहुधा परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून, आणि म्हणूनच आजही तो कुणाच्या तरी कपाटात चामड्याच्या पाकिटात पडलेला सापडण्याची शक्यता असते. नाही सापडला, तर मुंबईत बोरा बाजार आणि चोर बाजार, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, आणि ऑनलाइन विक्रेते हे मार्ग आहेतच.

हातात घेतल्यावर प्रथम जाणवतो तो त्याचा घट्टपणा. कवच धातूचे आहे, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि तो जाड कोटाच्या नसला तरी खादीच्या झोळीच्या खिशात सहज मावतो. रोल पुढे सरकवण्यासाठी तरफ नाही. पाठीमागच्या दातेरी चाकावर अंगठा फिरवावा लागतो. घामेजल्या हाताने ते चाक फिरवणे फारसे सुखाचे नाही, आणि रोलच्या शेवटी तर ते अंगठ्याला टोचतेच. सेल्फ टायमर नाही, त्यामुळे सगळ्यांच्या घोळक्यात छायाचित्र घेणाऱ्याला उभे राहायचे असेल तर केबल रिलीज (दुरून बटण दाबण्याची तार) वापरावी लागते. तिच्यासाठी शटरच्या बटणात आटे मात्र दिलेले आहेत.

या कॅमेऱ्याचे खरे वैशिष्ट्य भिंगाभोवती दिसणाऱ्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या खवल्यांच्या पारदर्शक कड्यात आहे. या कड्यामागे सेलेनियमचा प्रकाशघट आहे. त्यावर प्रकाश पडला की सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो आतली एक नाजूक सुई हलवतो. प्रकाश जितका अधिक, तितकी सुई अधिक सरकते. बटण अर्धे दाबले की सुई जागच्या जागी पकडली जाते, एक पायऱ्यापायऱ्यांची पट्टी तिच्यावर येऊन टेकते आणि ती कोणत्या पायरीवर अडली त्यावरून ॲपर्चर (भिंगातून प्रकाश आत सोडणारे छिद्र) आणि शटरचा वेग ठरतो. वेग दोनच आहेत : सेकंदाचा चाळिसावा भाग आणि दोनशेवा भाग. प्रकाश अपुरा असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये खालून लाल पट्टी वर येते आणि बटण दाबले जातच नाही. इलेक्ट्रॉनिक म्हणता येईल असे या सगळ्यात काहीही नाही, आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही हा कॅमेरा चालू स्थितीत मिळतो त्याचे श्रेय याच साधेपणाला द्यावे लागेल.

दोन वेग म्हणजे फारच थोडे, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र हे गणित आपल्या उन्हाला लावून पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता; आकडा मोठा, तितका कमी प्रकाश पुरतो. एफच्या आकड्याचे उलटे : तो मोठा, तितके छिद्र बारीक. स्वच्छ उन्हात १०० आयएसओच्या रोलला साधारणपणे एफ १६ आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग इतके एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) लागते, म्हणजे १/२०० वर ॲपर्चर एफ ११ आणि एफ १६ यांच्या दरम्यान येते. २०० चा रोल घातला, तर ते एफ १६ च्या किंचित पुढे जाते. ४०० च्या रोलला त्याच उन्हात एफ २२ लागते आणि कॅमेऱ्याची धाव तिथेच संपते. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या वेळी पांढऱ्या भिंतीसमोर किंवा समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत उभे राहिल्यास प्रकाश याहून अधिक असतो, आणि तिथे ४०० चा रोल गरजेपेक्षा जास्त प्रकाश खातो. रंगीत निगेटिव्ह फिल्म हा जास्तीचा प्रकाश बऱ्यापैकी सहन करते, तरीही एफ २२ च्या बारीक छिद्रामुळे प्रकाशाचे विवर्तन होऊन (तो छिद्राच्या कडांशी पसरून) तपशील थोडा मऊ पडतो तो पडतोच. त्यामुळे परदेशी वापरकर्ते या कॅमेऱ्यासाठी सरसकट ४०० च्या रोलची शिफारस करतात ती ढगाळ हवेच्या देशांत योग्य असली, तरी दिवाळीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत महाराष्ट्रात दिवसा १०० किंवा २०० चा रोलच मला अधिक पटतो. जून ते सप्टेंबर हा काळ मात्र ४०० चा. घाटात धुके उतरलेले असताना, कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागेच्या सावलीत, किंवा पावसाची झड लागलेली असताना खिडकीजवळ, एफ २.८ आणि १/४० ही खालची मर्यादा फार लवकर येते.

प्रकाशघट भिंगाभोवतीच असल्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. फिल्टर बसवला, की तो भिंगाबरोबर प्रकाशघटावरही बसतो, त्यामुळे फिल्टरने खाल्लेल्या प्रकाशाची भरपाई आपोआप होते. कृष्णधवल रोल घालून पिवळा फिल्टर लावला, तर निळे आकाश गडद होऊन सह्याद्रीच्या कड्यांवर जमलेले पांढरे ढग उठून दिसतात, आणि त्यासाठी वेगळे गणित करावे लागत नाही. अडचण अशी, की फिल्टरचे माप ४३.५ मिलिमीटर असे आडनिडे आहे. ते बाजारात क्वचितच मिळते, म्हणून मोठ्या मापावर नेणारी कडी आधी घ्यावी आणि मगच फिल्टरचा विचार करावा.

कॅमेरा स्वयंचलित असला तरी तो सर्वस्वी अडाणी नाही. बटण अर्धे दाबले की सुई पकडली जाते हे लक्षात ठेवले, तर खिडकीसमोर किंवा मावळत्या सूर्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र घेताना आधी कॅमेरा जमिनीकडे किंवा सावलीकडे वळवून बटण अर्धे दाबावे, तसेच धरून ठेवावे आणि मग चौकट जुळवून पूर्ण दाबावे. चेहरा काळा पडत नाही. दुसरा मार्ग आयएसओच्या कड्याचा. ४०० चा रोल घालून कडे २०० वर ठेवले की दुप्पट प्रकाश मिळतो. कड्याची मर्यादा मात्र २५ ते ४०० इतकीच आहे, त्यामुळे ८०० चा रोल या कॅमेऱ्यासाठी नाही.

फोकस अंदाजाने लावायचा असतो आणि नवख्याला भीती वाटते ती याचीच. कड्यावर चार चिन्हे आहेत : एका माणसाचे डोके म्हणजे सुमारे एक मीटर, दोन माणसे म्हणजे दीड मीटर, घोळका म्हणजे सुमारे तीन मीटर आणि डोंगर म्हणजे अनंत अंतर. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी एक छोटी खिडकी असून निवडलेले चिन्ह आणि ॲपर्चरचे कडे तिच्यातून दिसते. ४० मिलिमीटरच्या भिंगाला एफ ८ वर तीन मीटरचे चिन्ह लावले, तर साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सारे समाधानकारक स्पष्ट येते. एफ ११ वर ही पट्टी आठ मीटरच्या जवळ जाते आणि एफ १६ वर दीड मीटरच्या पुढचे जवळजवळ सर्वच तीत येते. म्हणजे भर दिवसा आठवडी बाजारात, जत्रेत किंवा वारीच्या वाटेवर घोळक्याचे चिन्ह लावून ठेवावे आणि फोकस विसरून जावे. डोळ्याला कॅमेरा लावून बटण दाबण्यास लागणारा वेळ इतका कमी होतो, की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव बदलण्याआधी छायाचित्र निघालेले असते. तेच संध्याकाळी सावलीत, ॲपर्चर पूर्ण उघडलेले असताना, एक मीटर आणि दीड मीटर यांतला फरक महत्त्वाचा ठरतो. तिथे हाताने मापलेले अंतर कामी येते. आपला पसरलेला हात आणि कॅमेरा यांचा अंदाज बसायला दोन-तीन रोल जातात.

भिंग झुइको ४० मिलिमीटर एफ २.८, चार काचांचे, तीन गटांत रचलेले, 'टेसर' या चार काचांच्या जुन्या रचनेच्या जातीचे. एफ ५.६ ते एफ ११ या टप्प्यात ते आपल्या किमतीच्या मानाने थक्क करणारे आहे. साडीचा पोत, देवळाच्या दगडावरची टाकीची नक्षी, वाळत घातलेल्या मिरच्यांचे थर हे सारे नीट वाचता येते. पूर्ण उघडल्यावर कोपरे मऊ पडतात आणि सूर्य चौकटीत आला की चित्रावर फिकट पडदा येतो. मला तो दोष वाटत नाही, पण ज्यांना स्वच्छ काळा रंग हवा त्यांनी उन्हाकडे पाठ करून उभे राहावे. ४० मिलिमीटर ही भिंगाची नाभीय लांबी ३५ इतकी पसरट नाही आणि ५० इतकी आवळलेली नाही. अंगणात बसलेल्या चार-पाच माणसांसाठी ती नेमकी आहे, आणि वाड्याच्या आतल्या चौकासाठी अपुरी.

रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत हा कॅमेरा नेऊ नये. लाल पट्टी तिथे सतत वर येत राहते. फ्लॅश लावता येतो. त्यासाठी ॲपर्चरचे कडे 'ए' (स्वयंचलित) वरून काढून अंतरानुसार ॲपर्चर निवडावे लागते आणि शटर १/४० वर चालते. परंतु फ्लॅशने रंगमंचासारखी सपाट छायाचित्रे काढण्यासाठी ट्रिप विकत घेण्याचे कारण नाही, त्यासाठी नव्वदच्या दशकातले प्लास्टिकचे कॅमेरे कितीतरी स्वस्तात मिळतात. एक मीटरच्या आतले काहीही या कॅमेऱ्याच्या आवाक्यात नाही, म्हणून फुले, ताटातले पदार्थ आणि तान्ह्या बाळाची बोटे यांचा नाद सोडावा.

आता विकत घेण्याविषयी. सर्व काही सेलेनियमवर अवलंबून असल्यामुळे पहिली परीक्षा त्याचीच करावी. कडे 'ए' वर ठेवून रोलचे चाक फिरवावे, भिंग तळहाताने पूर्ण झाकावे आणि बटण दाबावे. लाल पट्टी वर आली आणि शटर अडले, तर यंत्रणा जागी आहे. मग कॅमेरा उजेडाकडे वळवून पुन्हा दाबावे. आता पट्टी येता कामा नये. भर उन्हातही पट्टी येत असेल, तर घट मेलेला आहे. एवढ्यावर थांबू नये, कारण अर्धमेला घट ही परीक्षा पास होतो. आयएसओचे कडे आधी २५ वर आणि नंतर ४०० वर ठेवून, समोरून भिंगात पाहत त्याच उजेडात शटर दाबावे. २५ वर छिद्र मोठे आणि ४०० वर बारीक दिसले पाहिजे. छिद्र दोन्ही वेळा सारखेच दिसले, तर एक तर सुई अडकलेली आहे किंवा ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चढून ती चिकटलेली आहेत. पाती चिकटणे हा या कॅमेऱ्याचा नेहमीचा आजार असून जाणकार कारागीर ती साफ करून देतो. मेलेल्या सेलेनियमला मात्र दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेला घट बसवण्यापलीकडे उपाय नाही. तरीही असा कॅमेरा अगदीच टाकाऊ समजू नये. 'ए' सोडून कडे एफ २२ वर ठेवले, तर शटर १/४० वर चालते, आणि स्वच्छ उन्हात १०० च्या रोलला जवळजवळ तेवढेच एक्स्पोजर लागते. भंगाराच्या भावात मिळाला तर घ्यावा, चालू म्हणून घेऊ नये.

दुसरी तपासणी बुरशीची. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकण, गोवा आणि मुंबईत वर्षानुवर्षे चामड्याच्या बंद पाकिटात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. मागचे झाकण उघडून, शटर उघडत असताना मोबाइलच्या टॉर्चने आरपार पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ओलावा सेलेनियमलाही मानवत नाही. घरी आणल्यावर ते जुने पाकीट बाजूला ठेवावे आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या हवाबंद डब्यात ठेवावा. मागच्या झाकणाभोवतीचा फोम इतक्या वर्षांत चिकट काळा चिखल झालेला असतो. तो खरवडून नवा लावला नाही, तर छायाचित्रांवर केशरी पट्टे येतात. हे काम घरी बसून, थोड्या स्पिरिटने आणि धीराने करता येते. फोकसचे कडे जाम असेल, तर जोर लावू नये. जुने वंगण घट्ट झाल्याचे ते लक्षण आहे आणि ते खोलण्याचे काम कारागिराचे.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण 'स्वस्त कॅमेरा' या शब्दांनी फसगत होते. कॅमेऱ्याचा खर्च एकदाच असतो. रोल, धुलाई आणि स्कॅन यांचा खर्च दर ३६ छायाचित्रांनंतर पुन्हा समोर येतो. आजच्या भावात रंगीत रोल घेऊन तो धुवून स्कॅन करून घेतला, तर काही रोलांतच कॅमेऱ्याच्या किमतीइतके पैसे गेलेले असतात. कृष्णधवल रोल घरी धुणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. मात्र डी-७६ सारख्या डेव्हलपरच्या (फिल्म धुण्याच्या रसायनाच्या) वेळा २० अंश तापमानासाठी दिलेल्या असतात, आणि आपल्या नळाचे पाणी उन्हाळ्यात तिशी ओलांडते. तेव्हा बर्फाच्या पाण्याच्या परातीत बाटल्या ठेवून तापमान आधी उतरवून घ्यावे. रंगीत रोलला ३८ अंशांच्या जवळपासचे तापमान अचूक राखावे लागत असल्यामुळे तो प्रयोगशाळेत देणेच बरे. देताना निगेटिव्ह परत हव्यात असे पावतीवर लिहून घ्यावे. माझ्या एका रोलचे फक्त स्कॅन हाती आले आणि निगेटिव्ह मागायला गेल्यावर त्या टाकून दिल्याचे शांतपणे सांगण्यात आले. प्रवासात कॅमेरा नेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की विमानतळांवरील नव्या सीटी स्कॅनरमधून न धुतलेला रोल गेला तर तो धुरकट होऊ शकतो. हाताने तपासण्याची विनंती करावी.

याच किमतीत इतर काय मिळते, असे विचारले तर लेनिनग्राडच्या लोमो कारखान्यातला स्मेना ८एम याचे नाव घ्यावे लागेल. त्यात प्रकाशमापन नाही, सर्व काही हाताने लावावे लागते, म्हणून ज्यांना एक्स्पोजर मुळापासून शिकायचे आहे त्यांनी तो घ्यावा. घरात आगफा क्लिक ३ पडून असेल, तर १२० चा रोल आजही मिळतो आणि त्या चौकोनी चित्रांची गोडी निराळीच आहे. पण बारा छायाचित्रांत रोल संपतो आणि १२० धुणारे ठिकाण शोधावे लागते. उन्हात, माणसांत, चालता चालता छायाचित्रे घ्यायची असतील आणि कॅमेऱ्याने आपले लक्ष स्वतःकडे ओढून घेऊ नये अशी अपेक्षा असेल, तर माझी निवड ट्रिप ३५ हीच आहे.

किमतीपुरते सांगायचे, तर फोम बदललेला, पाती साफ केलेली आणि एक रोल चालवून दाखवलेला कॅमेरा 'जसा आहे तसा' मिळणाऱ्या कॅमेऱ्यापेक्षा महाग असला तरी तोच घ्यावा. रंगीत चामडे चिकटवलेल्या किंवा नव्याने काळा रंग दिलेल्या नगांसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही, कारण आतले यंत्र तेच असते. शटरचे बटण धातूचे असेल तर कॅमेरा जुन्या वर्षांतला आणि काळ्या प्लास्टिकचे असेल तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीनंतरचा असतो. विक्रेते या फरकावर भाव वाढवतात, पण छायाचित्रांत त्याने तसूभरही फरक पडत नाही.